बारा बेस, बेचाळीस मोहरे : 15 मिलिमीटरच्या रोमन सैन्याचे परीक्षण

छोट्या मोहऱ्यांची प्राचीन काळची सैन्ये रंगवून टेबलावर लढवण्याचा छंद ज्यांचा सुटला आहे, त्यांच्या कपाटात बहुधा एकच गोष्ट सापडते : प्रायमर (रंगाआधीचा अस्तर थर) मारून ठेवलेले, निम्मेअधिक कोरे राहिलेले मोठे सैन्य. आमच्या गटाचेही तसेच झाले होते. त्या वेळच्या मोठ्या नियमावल्यांना एकेका बाजूला शेकडो मोहरे लागत आणि ते रंगवून होईपर्यंत भिडू पांगले. पुन्हा एकत्र बसायचे ठरले तेव्हा सर्वांनी एकच अट घातली, की या वेळी घेतलेले सैन्य पुरे झालेच पाहिजे. त्या अटीवर निवडलेला, प्यूनिक (रोम विरुद्ध कार्थेज) युद्धांच्या काळातील रोमन प्रजासत्ताकाच्या सैन्याचा, सुमारे 15 मिलिमीटर उंचीच्या धातूच्या मोहऱ्यांचा संच हा या परीक्षणाचा विषय आहे.

हा संच ‘डीबीए’ (डी बेलिस अँटिक्विटॅटिस) या नियमांच्या मापाने बांधलेला आहे. वॉरगेम्स रिसर्च ग्रुपने 1990 साली प्रसिद्ध केलेल्या या नियमांत प्रत्येक सैन्य बरोबर 12 बेसचे, म्हणजे मोहरे चिकटवलेल्या पट्ट्यांचे, असते आणि कोणत्या सैन्यात कोणत्या प्रकारचे किती बेस, हे यादीत ठरवून दिलेले असते. अनेक उत्पादक त्या यादीबरहुकूम मोहरे मोजून एका पिशवीत भरून विकतात. रोमनांच्या वाट्याला पहिल्या दोन फळ्यांतील तलवारबाज हस्ताती व प्रिन्सिपेस यांचे 6 बेस, मागच्या फळीतील भालाईत त्रियारींचे 2, हलक्या पायदळातील वेलितेसचे 2 आणि घोडदळाचे सेनापतीसह 2 बेस येतात. जड पायदळाच्या बेसवर चार, वेलितेसच्या बेसवर दोन आणि घोडदळाच्या बेसवर तीन याप्रमाणे सगळे मिळून 42 मोहरे होतात. नोकरी आणि संसार सांभाळून फावल्या वेळात रंगवणाऱ्याला हा आकडा झेपतो, आणि माझ्या दृष्टीने या संचाचा सर्वांत मोठा गुण हाच आहे.

ओतकाम एकंदरीत चांगले आहे. हस्तातींच्या छातीवरची चौकोनी पत्री, शिरस्त्राणावरची तीन उभी पिसे, त्रियारींच्या साखळी चिलखताची वीण हे सर्व इतक्या लहान मापातही ठसठशीत उठले आहे. हा तपशील शिल्पकाराच्या मनचा नाही. रोमन सैन्याचे सविस्तर वर्णन करणारा ग्रीक इतिहासकार पॉलिबियस हेच सांगतो : सामान्य सैनिकाच्या छातीवर वीतभर चौकोनी काशाची पत्री असे आणि दहा हजार द्राख्म्यांहून अधिक मालमत्ता असलेला सैनिक तिच्याऐवजी साखळी चिलखत घाली. पिसे जांभळी किंवा काळी आणि सुमारे हातभर उंच असत, असेही तो लिहितो, त्यामुळे रंगवणाऱ्याचा एक प्रश्न तिथेच सुटतो. ढालीचा आकार तो देतो, तिच्यावर कापड आणि वासराचे कातडे चढवीत हेही सांगतो, मात्र तिच्या रंगाबद्दल काही बोलत नाही. आम्ही हस्तातींना गेरू रंगाच्या, प्रिन्सिपेसना फिकट पिवळ्या आणि त्रियारींना पांढरट ढाली दिल्या. असे केल्याने टेबलावर तिन्ही फळ्या लांबून वेगळ्या ओळखू येतात, आणि हे इतिहासाला धरून नाही असे म्हणण्याची सोयही कुणाला उरत नाही.

उणिवा दोन-तीन आहेत आणि त्या आधी माहीत असलेल्या बऱ्या. साच्याची रेघ बहुतेक मोहऱ्यांच्या खांद्यावरून आणि पायावरून जाते. ती बारीक कानशीने घासून काढल्याशिवाय प्रायमर मारला, तर नंतरच्या प्रत्येक थरात ती उठून दिसते. भाले मोहऱ्याबरोबरच ओतलेले असल्यामुळे मऊ आहेत आणि पिशवीतूनच वाकलेले येतात. ते सरळ करता येतात, पण दोन-तीनदा वाकले की तुटतात, म्हणून त्रियारींचे भाले कापून मूठ पिनेच्या टोकाने कोरून त्यांत पोलादी तार बसवणे हा उपाय मला अधिक भरवशाचा वाटला. घोडेस्वार आणि घोडे वेगळे ओतलेले आहेत, मात्र खोगिराची खाच उथळ असल्यामुळे स्वार नुसत्या गोंदावर उभा राहात नाही. या सगळ्यापेक्षा खटकते ती गोष्ट म्हणजे पिशवीत रंगांचा किंवा मांडणीचा एकही कागद नसणे. बारा बेसचा संच प्रामुख्याने नव्याने किंवा पुन्हा सुरुवात करणाऱ्यांना विकला जातो, आणि कोणता मोहरा हस्ताती व कोणता वेलितेस हे त्यांनीच ओळखावे, ही अपेक्षा बरोबर नाही.

रंगवण्याच्या बाबतीत हे माप फार उदार आहे. 28 मिलिमीटरच्या मोहऱ्याला डोळे, बोटे, कपड्याच्या घड्या असे सगळे लागते. इथे चेहऱ्याला त्वचेचा एक रंग, त्यावर तपकिरी वॉश (खोलगट भागांत उतरणारा पातळ रंग) आणि नाकावर व गालावर फिकट ठिपका दिला की हातभर अंतरावरून चेहरा जिवंत वाटतो. साखळी चिलखतासाठी काळ्या प्रायमरवरच ड्राय ब्रश करावा : ब्रशला चंदेरी रंग लावायचा, जुन्या कापडावर तो जवळजवळ पूर्ण पुसून टाकायचा आणि मग चिलखतावरून हलकेच फिरवायचा. उंचवट्यावर तेवढा चंदेरी रंग बसतो, खोलगट भाग काळाच राहतो आणि एकेक कडी उमटते. वॉशसारखे वागणारे, एकाच थरात छाया व उजळपणा दोन्ही देणारे नवे रंग अंगरख्यांसाठी उत्तम आहेत, पण त्यांना पांढरा किंवा फिकट राखाडी प्रायमर लागतो, तेव्हा चिलखतवाले आणि बिनचिलखतवाले मोहरे आधीच वेगळे करून ठेवावेत. वार्निश मात्र मॅटच (बिनचमकीचे) मारावे आणि दमट हवेत स्प्रे करू नये. नाहीतर नीट रंगवलेल्या मोहऱ्यावर पांढुरके धुके बसते.

आता खेळाविषयी. पट सुमारे 60 सेंटिमीटर चौरस लागतो, म्हणजे जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा पुरतो. प्रत्येक पाळीला एक फासा टाकायचा आणि जितके आकडे पडतील तितक्याच हालचाली करायच्या. एका रेषेत चिकटून उभे असलेले बेस मात्र मिळून एकच हालचाल मानली जाते. वरवर किरकोळ दिसणाऱ्या या एका नियमात प्राचीन युद्धाचा स्वभाव उतरला आहे. फळी अखंड आहे तोवर एक आकडा पडला तरी सगळे सैन्य पुढे सरकते, आणि ती फुटली की सहा पडूनही हात बांधल्यासारखे होतात. लढाईत दोघेही फासा टाकून त्यात आपल्या प्रकाराचे गुण मिळवतात. कमी बेरीज असलेला सहसा मागे रेटला जातो आणि त्याची बेरीज प्रतिस्पर्ध्याच्या निम्मी किंवा त्याहून कमी आली तर बहुधा नष्टच होतो. रोमन तलवारबाज पायदळाविरुद्ध 5 गुण घेऊन उतरतो, घोडदळाविरुद्ध मात्र त्याचे फक्त 3 उरतात, आणि इ.स.पू. 216 मध्ये कॅनी येथे पाठीमागून आलेल्या, कार्थेजचा सेनापती हॅनिबलच्या घोडदळाने काय केले असेल, ते या दोन आकड्यांतून नेमके कळते. चार बेस गेले आणि शत्रूचे तितके गेले नसतील, तर डाव हरलात. एवढ्यात तासभर जातो, त्यामुळे एका बैठकीत बाजू बदलून दुसरा डावही होतो.

आमच्यातल्या एकाने कार्थेजचे सैन्य त्याच उत्पादकाचे घेतले, आणि ते शहाणपणाचे ठरले, कारण 15 मिलिमीटर म्हणून विकले जाणारे मोहरे प्रत्येक कारखान्यात निराळ्या उंचीचे निघतात. त्याचा हत्ती पटावर उतरला की चर्चा थांबते. मात्र या नियमांत हत्ती हलक्या पायदळाकडून हरला तर मागे रेटला न जाता थेट नष्ट होतो. म्हणून ज्या दोन वेलितेसांना आम्ही सुरुवातीला भरतीचे समजत होतो, त्यांनाच आता हत्तीसमोर जपून उभे केले जाते. इ.स.पू. 202 मध्ये झामा येथे रोमन सेनापती स्किपिओने आपल्या तुकड्यांमध्ये हत्तींसाठी मोकळ्या वाटा ठेवून त्या वेलितेसांनी भरल्या होत्या, हे वाचलेले असते. स्वतःचा हत्ती त्यांच्यापायी गमावलेल्या भिडूला ते अधिक पटते.

नियमांची भाषा हा वेगळा विषय आहे. एकेका वाक्यात तीन-तीन अटी कोंबलेल्या असतात आणि कायद्याच्या कलमासारखी त्यांची फोड करत बसावे लागते, त्यामुळे गटात एखादा शांतपणे वाचणारा माणूस असणे आवश्यक आहे. 2014 साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत आकृत्या भरपूर असल्याने सुरुवात तिच्यापासूनच करावी.

ज्यांना मोहरा हातात घेऊन न्याहाळण्याचाच आनंद हवा आहे, त्यांनी 28 मिलिमीटरच्या प्लास्टिकच्या संचांकडे वळावे; तिथे हात, डोकी आणि शस्त्रे वेगवेगळी जोडता येतात. रोमन नको असतील तर याच पद्धतीने पोरसाचे सैन्यही बांधता येते, आणि हत्ती, रथ व लांब धनुष्यांमुळे ते रंगवायला रोमनांहून कितीतरी मजेचे आहे. मात्र पुन्हा खेळायला बसणाऱ्या गटात दोन्ही विरोधी सैन्ये एकाच वेळी मागवावीत, म्हणजे ज्याचे आधी रंगवून होईल त्याला ताटकळत बसावे लागणार नाही.

संचाबरोबर येणारी पिशवी रंगवलेल्या सैन्यासाठी निरुपयोगी आहे. प्रत्येक बेसखाली पातळ चुंबकी पत्रा कापून चिकटवावा आणि सैन्य लोखंडी डब्यात उभे ठेवावे. 40 मिलिमीटर रुंदीचे बाराही बेस एका लहान डब्यात मावतात आणि नेता-आणताना भाले एकमेकांत अडकत नाहीत.