पद्मिनीची पेट्रोलची नळी बदलताना माझी झालेली फसवणूक

आमच्या घरी १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. वडिलांनी ती नवी घेतली, बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरासमोर तिची पूजा झाली, आणि वडिलांच्या पश्चात गेली अकरा वर्षे मी ती चालत्या स्थितीत ठेवली आहे. या गाडीच्या टाकीत पेट्रोल भरण्याची जी नळी असते, जिला मेकॅनिक फिलर नेक म्हणतात, ती बदलण्याच्या निमित्ताने २०२४ च्या डिसेंबरात माझी फसवणूक झाली. नुसत्या रकमेकडे पाहिले तर नुकसान फार मोठे नव्हते. पण त्या कामामुळे डिकीत पेट्रोल झिरपत होते, आणि त्याच दिवसांत माझी नात मागच्या सीटवर बसून शाळेत जात होती. म्हणून झाले ते सगळे सविस्तर लिहीत आहे.

मूळ दोष अगदी लहान होता. टाकी पूर्ण भरली की दोन दिवस डिकीत पेट्रोलचा वास यायचा. नळी जिथे रबरी होजमध्ये शिरते, तिथे क्लिपखाली वर्षानुवर्षे ओल धरून पत्रा गंजला होता आणि सुईच्या टोकाएवढे छिद्र पडले होते. त्याच नळीच्या वळणावर आणखी एक जुनी खूण होती. मी शाळेत असताना वडिलांनी एका कारागिराकडून तिथे पितळेचे ब्रेझिंग, म्हणजे पितळ वितळवून सांधण्याचे काम, करून घेतले होते, आणि त्याचा तांदळाच्या दाण्याएवढा पिवळा ठिपका चाळीस वर्षांनंतरही स्पष्ट दिसायचा. म्हणजे ही नळी एकदा दुरुस्त झालेली होती आणि दुसऱ्यांदाही झाली असती. हे मला त्या वेळी सुचले नाही, कारण माझ्या मनात वेगळीच धास्ती होती.

ती धास्ती इथेनॉलची होती. आपल्याकडे पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२२ च्या मध्यावर गाठले गेले आणि फेब्रुवारी २०२३ पासून वीस टक्के मिश्रणाचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले. पद्मिनीच्या काळचे रबर, कॉर्कचे गॅसकेट (सांधा घट्ट बसावा म्हणून मध्ये घालतात ती चकती) आणि टाकीच्या आतला लेप या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते, त्यामुळे पत्र्याला आतून गंज चढतो, आणि जुने रबर कधी फुगते तर कधी तडकते. ही काळजी योग्यच होती. पण घाबरलेला माणूस दुकानात गेला की समोरच्याला ते लगेच कळते, आणि माझ्या बाबतीत नेमके तेच झाले.

जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचे मोठे प्रदर्शन भरले होते. माझ्या पाहण्यात तरी तेव्हापासून आमच्या शहरात जुन्या गाड्यांविषयीची हौस वाढली आणि 'जुन्या स्टॉकमधला कोरा माल' विकणारेही वाढले. त्यांच्यापैकी एकाकडे मला एका परिचिताने पाठवले. त्याचे नाव किंवा दुकानाचा पत्ता मी इथे देत नाही. तो मराठी होता एवढे मात्र सांगायला हवे. बडोद्यात आम्ही चार पिढ्या राहतो, रोजचा व्यवहार गुजरातीत होतो, आणि तरीही दुकानदार मराठीत बोलू लागला की आमच्यासारख्यांचा हात आपोआप सैल होतो. "काका, तुमचे वडील आमच्या आजोबांना ओळखत असतील," असे तो म्हणाला आणि मी खुर्चीवर बसलो. इतर कोणत्याही दुकानात मी जे प्रश्न विचारले असते, त्यातला एकही मी तिथे विचारला नाही.

नळी मुंबईच्या एका बंद पडलेल्या डीलरच्या गोदामातली, कंपनीची, न वापरलेली आहे, असे त्याने सांगितले. किंमत साडेआठ हजार रुपये आणि बसवण्याची मजुरी पंधराशे. बिल हवे असेल तर वर अठ्ठावीस टक्के जीएसटी द्यावा लागेल, असेही तो म्हणाला, आणि मी बिल नको म्हणालो. पैसे मात्र रोख न देता फोनवरून पाठवले, ही त्या दिवशी माझ्या हातून घडलेली एकमेव शहाणपणाची गोष्ट होती, आणि तीही खिशात रोकड नव्हती म्हणून घडली.

गाडी त्याच्या माणसाने मागच्या गाळ्यात नेली. "काका, आत वेल्डिंगच्या ठिणग्या उडतात, तुम्ही इथेच चहा घ्या," असे म्हणून त्याने मला दुकानात बसवून ठेवले. पेट्रोलच्या टाकीचे काम चालू आहे आणि तिथे ठिणग्या उडत आहेत, या एका वाक्यावर मी उठायला हवे होते. दोन तासांनी गाडी बाहेर आली. डिकी उघडून पाहिली तर खाली नवी रबरी मॅट अंथरलेली, झाकणापाशी काळीकुळकुळीत चकचकीत नळी, आणि सगळे नीटनेटके. मी जुनी नळी मागितली. ती मापासाठी कारागिराकडे ठेवली आहे, दोन दिवसांत घरी पोहोचवतो, असे उत्तर मिळाले.

पहिल्या आठवड्यात वास आला तो नव्या रबराचा असेल असे मी समजलो. दुसऱ्या आठवड्यात कारेलीबागेच्या बाजूच्या पंपावर पेट्रोल भरायला गेलो, तेव्हा नोझल दर अर्ध्या लिटरला खटकन बंद पडू लागले. नोझलच्या टोकाशी एक बारीक भोक असते. पेट्रोल वर येऊन ते भोक बुजले की आतला हवेचा प्रवाह तुटतो आणि खटका पडतो. टाकी रिकामी असताना खटका पडतो याचा अर्थ टाकीतल्या हवेला बाहेर पडायला वाट नाही आणि पेट्रोल नळीतच तुंबते आहे. पंपावरच्या मुलाच्या ते माझ्याआधी लक्षात आले. तो वाकला, मागच्या बंपरखालून टपकणारा थेंब त्याने बोटावर घेऊन हुंगला आणि गुजरातीत मला म्हणाला, काका, चावी लावू नका, आपण ढकलून बाजूला घेऊ. त्याने आणि आणखी दोघांनी गाडी ढकलत रस्त्याकडेला नेली. त्या मुलाचे उपकार मी विसरणार नाही.

गाडी दोरीने ओढत प्रतापनगरच्या एका वयस्कर मेकॅनिककडे नेली. त्यांनी आधी बॅटरीची तार सोडवली, दोन तास डिकी उघडी ठेवली आणि मगच मॅट उचलली, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि डिकीसारख्या खोलगट जागेत ती तळाशी साचून राहते. शून्याखाली चाळीस अंश तापमानातही पेट्रोलमधून पेट घेण्याजोगी वाफ निघते, मग बडोद्यातल्या दुपारची गोष्टच वेगळी. मागच्या दिव्यांच्या वायरी त्याच डिकीतून जातात.

मॅटच्या खाली जे दिसले ते मी जवळून पाहिले आहे. होज बोटाने दाबला तर भिजलेल्या पावासारखा आत गेला आणि बोटाला काळे लागले. तो रेडिएटरच्या पाण्याचा होज होता. ज्या जातीचे रबर गरम पाण्यात वर्षानुवर्षे टिकते, ते पेट्रोलमध्ये काही दिवसांत फुगते. पेट्रोलसाठी नायट्राइल किंवा व्हिटॉन जातीचे रबर लागते आणि चांगल्या होजवर 'एसएई जे३०' असा दर्जा छापलेला असतो. इथे छापील ओळ होती ती जागा पॉलिश पेपरने घासून टाकलेली होती. नळीचा व्यास टाकीच्या तोंडाच्या व्यासापेक्षा लहान होता, म्हणून तिच्यावर सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळून वर क्लिप आवळली होती. टाकीच्या तोंडाशी गॅसकेट नव्हतेच, त्याजागी बाथरूमच्या फटी भरतात ते साधे सिलिकॉन थापले होते आणि पेट्रोल लागून ते सालपटासारखे सुटून येत होते. हवा जाण्याची बारीक नळी जोडायला नव्या नळीला जागाच नव्हती, म्हणून तिच्या तोंडात खिळा ठोकून ती बंद केली होती. आणि झाकणाच्या आतल्या बाजूला, टाकीपासून जेमतेम हातभर अंतरावर, वेल्डिंगच्या टाक्याचा डाग आणि करपलेला रंग होता. म्हणजे मी बाहेर चहा पीत असताना पेट्रोल असलेल्या टाकीशेजारी वेल्डिंग झाले होते. तो डाग पाहून मी बराच वेळ काही बोलू शकलो नाही.

मेकॅनिकनी नळी करवतीने उभी कापली. आतून सरळ रेषेत सांध्याची शिवण दिसली आणि पांढुरके पापुद्रे सुटून हातावर पडले. तो जस्ताचा मुलामा दिलेला पाण्याचा पाइप होता, वाळू भरून वाकवलेला आणि बाहेरून काळा रंगवलेला. इथेनॉल असलेल्या पेट्रोलशी जस्ताचे जमत नाही. त्याचे कण सुटून पेट्रोलबरोबर पुढे जातात, आणि आमच्या कार्ब्युरेटरच्या जाळीत राखाडी गाळ जमलेला सापडला. मूळ कारखान्याच्या नळीच्या टोकाशी बांगडीसारखा एक उंचवटा असतो, ज्याच्यामुळे क्लिपखालचा होज निसटत नाही. या पाइपची दोन्ही टोके कापलेल्या उसासारखी सपाट होती. ही एवढी एक गोष्ट मी बोट फिरवून पाहिली असती, तर त्याच दिवशी सौदा मोडला असता.

दुकानदाराकडे गेलो तेव्हा त्याची भाषा बदललेली होती. "फिटिंगची गॅरंटी नसते काका, आणि माल तुम्ही बघून घेतलात." जुनी नळी भंगारात गेली, असे त्याने सांगितले. त्यावर माझा विश्वास नाही. पद्मिनीची अस्सल नळी, छोटे छिद्र असलेली का होईना, आज कोणी भंगाराच्या भावाने देत नाही. मला आता असे वाटते की त्याला माझ्याकडून मुख्यत्वे तीच हवी होती, आणि साडेआठ हजार रुपये ही वरकमाई होती. जुना भाग 'मापासाठी' मागितला जातो तेव्हा तो द्यायचा असेल तर स्वतः समोर बसून माप घेऊ द्यावे, त्याआधी सर्व बाजूंनी फोटो काढावेत, आणि काम संपल्यावर तो भाग हातात आल्याशिवाय पैशांचा शेवटचा हप्ता देऊ नये. जुना भाग हातात असला तर नव्याचे वळण, लांबी, टोकाचा उंचवटा आणि हवेच्या नळीची जागा शेजारी धरून ताडता येते. मी स्वतःहून तो ताळा करण्याचे साधनच त्याच्या हवाली केले.

पुढे मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन केला आणि त्यांच्या सल्ल्यावरून दुकानदाराला पोस्टाने लेखी नोटीस पाठवली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार विकलेल्या मालाचे बिल न देणे हीच अनुचित व्यापार प्रथा ठरते. त्यामुळे बिल नाही म्हणजे आपली बाजू लंगडी, असे समजून गप्प बसण्याचे कारण नाही. फोनवरून पाठवलेल्या पैशांची नोंद, 'कंपनीचा माल आहे' असे त्याने लिहिलेले संदेश, कापलेल्या नळीचे आणि वेल्डिंगच्या डागाचे फोटो, मेकॅनिकचा सहीनिशी लेखी अभिप्राय, एवढे मी नोटिशीला जोडले. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क लागत नाही, हेही त्यात लिहिले. सतराव्या दिवशी माझ्या खात्यात साडेआठ हजार रुपये जमा झाले. मजुरीचे पंधराशे नाही, नळी नाही, एक शब्दही नाही.

गाडीचे काम प्रतापनगरलाच झाले. दुसऱ्या एका पद्मिनीवाल्यांनी आपल्या गाडीची नळी एका दुपारपुरती काढून दिली. तिच्या मापाने बिनशिवणीच्या पोलादी नळीला मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, वळण दिले, लेथवर टोकांना उंचवटा काढला, हवेच्या नळीसाठी तोटी ब्रेझिंगने जोडली आणि आतून कल्हई केली. यातले प्रत्येक काम नळी गाडीपासून दूर, कोरडी असताना झाले, आणि मी प्रत्येक वेळी समोर उभा होतो. होज आणि गॅसकेटसह सगळा खर्च चार हजारांच्या आत आला. टाकी पूर्ण भरून रात्रभर डिकीत पांढरा कागद अंथरून ठेवला, सकाळी तो कोरडा निघाला, आणि त्यानंतरच नात पुन्हा गाडीत बसली.

वडिलांची नळी मात्र अजून मिळालेली नाही. वळणाच्या बाहेरच्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढा पितळेचा पिवळा ठिपका आणि खालच्या टोकाजवळ सुईएवढे छिद्र असलेली पद्मिनीची फिलर नेक कोणाला विकायला दाखवली गेली, तर ती घेण्याआधी ठिपक्याचा फोटो काढावा आणि मला कळवावे. मागितली जाणारी किंमत मी देईन.