रेस्टिकमधून फाइल परत काढली, त्याचा अनुभव

दोन वर्षं रेस्टिक हे कमांड टाइप करून चालवायचं बॅकअपचं टूल वापरतोय पण लिहितोय आत्ता, कारण इतके दिवस नुसता बॅकअप जात होता, परत काही काढायची वेळच आली नव्हती. मागच्या महिन्यात आली. आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशोब माझ्याकडे असतो, त्या एक्सेल फाइलवर चुकून रिकामी शीट सेव्ह झाली आणि कळलं ते वार्षिक सभेच्या चार दिवस आधी. क्लाउडला सिंक होती, पण सिंकने तिथेही रिकामीच नेऊन ठेवलेली.

रेस्टिकच्या फाइंड कमांडला फाइलचं नाव आणि सोबत हायफन एल दिलं की ती कुठल्या कुठल्या स्नॅपशॉटमध्ये, म्हणजे त्या त्या वेळी घेतलेल्या बॅकअपमध्ये, आहे ते साइज आणि तारखेसकट दिसतं. एका तारखेपर्यंत फाइल साडेतीनशे केबीची आणि दुसऱ्या दिवशीपासून एकदम नऊ केबी, म्हणजे आदल्या दिवशीचा स्नॅपशॉट पाहिजे हे तिथेच कळलं. इथे मला खरंच हायसं वाटलं.

एकच फाइल हवी असेल तर डम्प कमांड वापरा, सरळ ती फाइल हातात येते. रिस्टोअर कमांड टार्गेट फोल्डरच्या आत जुना पाथ अख्खा परत उभा करते, होम मग युजर मग डॉक्युमेंट्स, पहिल्यांदा बघणारा गोंधळतोच. 0.16 व्हर्जनपासून स्नॅपशॉट आयडीपुढे कोलन टाकून फोल्डरचा पाथ दिला तर तेवढाच भाग निघतो, हे मला फार आवडलं. लिनक्स आणि मॅकवर माउंट करून साध्या फोल्डरसारखं चाळताही येतं, विंडोजवर मात्र माउंट नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगतो, मूळ जागेवर रिस्टोअर करू नका. तिथे आज बदललेली फाइल असेल तर रेस्टिक डिफॉल्टने तिच्यावर जुनी लिहितं, विचारत नाही. आधी रिकाम्या फोल्डरमध्ये काढा, बघा, मग हलवा. 2024 च्या 0.17 मध्ये रिस्टोअरला ड्राय रन आलाय, म्हणजे काहीही न लिहिता काय होईल ते नुसतं दाखवतो, तो करून बघा, आणि त्याच व्हर्जनमधला डिलीट ऑप्शन स्नॅपशॉटमध्ये नसलेल्या फाइली टार्गेटमधून उडवतो, त्याला ड्राय रनशिवाय हात लावू नका.

टूल फुकट आहे, ओपन सोर्स आहे, महिन्यातून एकदा चेक कमांडला रीड डेटा सबसेट 10 टक्के देऊन चालवतो म्हणजे डिस्कवरचा डेटा खरंच वाचला जातोय का ते कळतं. सगळं एन्क्रिप्टेड असतं, पासवर्ड विसरलात तर फाइली गेल्याच, बनवणारेही काढून देऊ शकत नाहीत. मी तो कागदावर लिहून कपाटात घराच्या कागदपत्रांच्या फाइलीत ठेवलाय आणि बायकोलाही दाखवून ठेवलाय.