भाडेकरू पडताळणीची खासगी सेवा : पैसे कशाचे आणि मिळते काय

वाकडमधील आमची दोन बेडरूमची सदनिका भाड्याने द्यायची होती. आम्ही नाशिकला राहत असल्यामुळे इच्छुकांची कागदपत्रे तपासण्याचे काम या वेळी एजंटच्या भरवशावर न सोडता पुण्यातील एका खासगी पडताळणी सेवेकडे सोपवले. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण माझा आक्षेप एका कंपनीपुरता नाही. ज्या आणखी दोन-तीन सेवांची माहितीपत्रके मी पाहिली त्यांची पॅकेजेसही जवळपास याच साच्यातली होती. प्रत्येक अर्जदारामागे हजार रुपयांच्या आत शुल्क आणि त्यात ओळख, नोकरी, न्यायालयीन नोंदी व सध्याचा पत्ता यांची तपासणी, असे एकंदर स्वरूप होते. ‘पोलीस व्हेरिफिकेशन’ वेगळे पैसे भरून जोडून घ्यायचे होते.

ओळखीच्या तपासणीबाबत तक्रारीला जागा नाही. अर्जदाराच्या मोबाइलवर दुवा जातो, तो स्वतः संमती देतो आणि आधारवरील क्यूआर कोडमधील डिजिटल स्वाक्षरीयुक्त माहिती वाचून नाव, छायाचित्र व पत्ता जुळवला जातो. एजंटने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या आधारच्या फोटोपेक्षा हे कितीतरी भरवशाचे आहे, कारण फोटोवरचा मजकूर कोणालाही बदलता येतो, क्यूआरमधली स्वाक्षरी मात्र बदलता येत नाही. अहवालात आधार क्रमांकाचे शेवटचे चारच अंक दाखवलेले होते, हेही योग्यच.

नोकरीची तपासणी हा या सेवेचा सर्वांत उपयोगी भाग. पगारपत्रकाची पीडीएफ घरच्या संगणकावर तयार करता येते, हे आता सर्वांना माहीत आहे. म्हणून अर्जदाराच्या संमतीने भविष्यनिर्वाह निधीची नोंद पाहिली जाते. त्यात दरमहा वर्गणी कोणत्या मालकाने भरली ते स्पष्ट दिसते. आमच्याकडे आलेल्या एका तरुणाने हिंजवडीतील एका मोठ्या माहिती-तंत्रज्ञान कंपनीचे नाव अर्जात लिहिले होते, निधीच्या नोंदीत मात्र निराळ्याच आस्थापनेचे नाव निघाले आणि अहवालात त्या ओळीपुढे पिवळी पट्टी व ‘विसंगती’ असा शेरा आला. त्याला फोन केला तेव्हा त्याने क्षणाचाही विलंब न लावता सांगितले की तो कंत्राटदाराच्या पगारपटावर आहे आणि काम त्या मोठ्या कंपनीच्या आवारात करतो. नेमणूकपत्र पाठवले, ते जुळले. हिंजवडी परिसरात अशी माणसे हजारोंनी असतील. विसंगती शोधणे हे सेवेचे काम आणि ते तिने चोख केले. पण तिचा अर्थ लावण्यासाठी अर्जदाराला एक फोन करण्याची तसदी घेतली गेली नाही, आणि पिवळी पट्टी पाहून अर्ज बाजूला ठेवणारे घरमालक काही थोडे नसतील.

खरा घोळ न्यायालयीन नोंदींच्या भागात आहे. अहवालात ‘देशभरातील न्यायालयांत शोध’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते. न्यायालयीन प्रकरणांची माहिती देणाऱ्या ई-कोर्ट्स या सरकारी संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने शोध कोणालाही विनामूल्य घेता येतो, मात्र जिल्हा न्यायालयांसाठी राज्य, जिल्हा, न्यायालय संकुल आणि वर्ष निवडून तो एकेका ठिकाणी घ्यावा लागतो. खासगी सेवा हीच माहिती एकत्र करून नावांची जुळणी संगणकाकडून करून घेतात. अडचण नावाची आहे. जाधव हे आडनाव रोमन लिपीत पश्चिम महाराष्ट्रात एका तऱ्हेने आणि विदर्भात शेवटी ‘ओ’ लावून लिहिले जाते; चौधरींची रोमन रूपे तर मोजून संपत नाहीत; कुठे वडिलांचे नाव मधे येते, कुठे आडनाव आधी येते, कुठे नुसती आद्याक्षरे असतात. परिणामी आमच्या एका अर्जदारापुढे ‘संभाव्य जुळणी’ म्हणून दुसऱ्याच जिल्ह्यातला धनादेश न वटल्याचा खटला दाखवला होता. वडिलांचे नाव वेगळे होते, आणि ते अहवालाच्या त्याच पानावर छापलेले होते. उलट दिशेने पाहिले तर, ज्याच्या नावाचे स्पेलिंग नोंदीत निराळे आहे त्याच्यापुढे ‘नोंद आढळली नाही’ अशी हिरवी पट्टी निर्धास्तपणे उमटणार. शिवाय खटला प्रलंबित असणे म्हणजे गुन्हा सिद्ध होणे नव्हे, आणि भावकीतला जमिनीचा दावा ज्याच्या घरात नाही असा मराठी माणूस शोधावा लागेल. दिवाणी आणि फौजदारी प्रकरणे एकाच रकान्यात, एकाच रंगात दाखवणे हा आळस आहे.

‘पोलीस व्हेरिफिकेशन’ या जोड-सेवेबद्दल मात्र माझा आक्षेप गंभीर आहे. पोलीस आयुक्तालये वेळोवेळी आदेश काढून भाडेकरूची माहिती पोलिसांना देणे घरमालकावर बंधनकारक करतात. पूर्वी हे आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 144 खाली निघत, 1 जुलै 2024 पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली निघतात, आणि आदेश मोडल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 223 नुसार कारवाई होऊ शकते. हा अर्ज घरमालकाला स्वतः ऑनलाइन भरता येतो. भरल्यावर मिळते ती पोच. म्हणजे आपण माहिती दिली याचा पुरावा. भाडेकरू निर्दोष असल्याचा दाखला नव्हे. चारित्र्य पडताळणीचे प्रमाणपत्र ही निराळी गोष्ट असून त्यासाठी संबंधित व्यक्तीला स्वतः अर्ज करावा लागतो. या सेवेच्या अहवालात मात्र त्याच पोचपावतीपुढे ‘पोलीस पडताळणी पूर्ण’ असे हिरव्या शिक्क्यासह छापलेले होते. त्यातही त्यांनी भरलेल्या मसुद्यात आयुक्तालय पुणे शहर असे होते. वाकड 2018 मध्ये स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाच्या हद्दीत येते, हे पुण्यात व्यवसाय करणाऱ्या कंपनीला ठाऊक असायला हवे. कळवल्यावर दुरुस्ती झाली, पण कळवावे लागले.

पत्त्याच्या तपासणीत प्रतिनिधी सध्याच्या घरी जाऊन दाराचा, स्थान व वेळ उमटलेला फोटो काढतो. दार आहे हे त्यावरून सिद्ध होते.

आधीच्या घरमालकाशी बोलणे हा घर देणाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा भाग, आणि नेमका तोच येथे सर्वांत उथळ. अर्जदाराने दिलेल्या क्रमांकावर फोन करून ‘अभिप्राय समाधानकारक’ एवढे दोन शब्द लिहिले होते. तो क्रमांक घरमालकाचा की मित्राचा, हे कोणी तपासले? महाराष्ट्रात हे तपासणे अवघड नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. त्यामुळे अर्जदाराकडे आधीच्या कराराची प्रत आणि सूची क्रमांक दोन (‘इंडेक्स टू’, म्हणजे नोंदणीकृत कराराचा गोषवारा) असायला हवी. त्यात घर देणाऱ्याचे नाव, भाडे आणि अनामत रक्कम दिसते. आम्ही ती मागवली, त्यातल्या नावावरून आधीच्या मालकीणबाईंशी बोललो आणि भाडे कोणत्या तारखेला येत असे, घर सोडताना रंगकामाचे काय झाले, अनामत पूर्ण परत केली का, हे तीन प्रश्न विचारले. अख्ख्या अहवालाने जेवढे सांगितले नव्हते तेवढे त्या बाईंनी चहा गाळता गाळता सांगितले.

अर्जातल्या ‘आहार’ या रकान्याचे प्रयोजन विचारले असता ‘सोसायट्या मागतात’ असे उत्तर मिळाले. पार्श्वभूमीच्या तपासणीत माणसाच्या ताटाचा संबंध काय, हे मला समजले नाही. तो रकाना वगळून अहवाल द्यावा अशी विनंती केली, ती त्यांनी मान्य केली.

ज्यांना घर दिले नाही त्यांची कागदपत्रे काढून टाकावीत, अशी लेखी विनंतीही आम्ही केली. उत्तरात ‘धोरणानुसार’ असे मोघम वाक्य आले, मुदत आली नाही. पुन्हा लिहिल्यावर कागदपत्रे हटवल्याचा ईमेल आला. पाचपैकी तीन तारे देत आहे, आणि ते तिन्ही ओळख व नोकरीच्या तपासणीसाठी आहेत. पुढच्या वेळी एवढ्या दोन तपासण्यांचे लहान पॅकेज घेईन. पोलिसांचा अर्ज स्वतः भरेन आणि आधीच्या घरमालकाला फोनही स्वतःच करेन.