लेट्यूस (सॅलडची पालेभाजी) लावायचं तर आइसबर्ग लावावं की रोमेन?

आइसबर्गचा गड्डा घट्ट, म्हणून दूरच्या बाजारात टिकतो. पण गड्ड्यात मिटलेल्या पानांतून बाष्प फारसं उडत नाही, कॅल्शियम तिथवर पोचत नाही आणि कडा करपतात. जमिनीत चुना भरपूर असला तरी! पाणी एकसारखं द्या, नत्र आवरतं घ्या. रोमेन सैल, उभी. सहसा आधी काढणीला येते. नव्या शेतकऱ्यानं तीच घ्यावी.

उगवण दोघांचीही 30 अंशांवर अडते. रोपं सावलीत करा.

दोघांचा संकर मात्र सोपा, कारण प्रजाती एकच. फूल स्वपरागी असतं, म्हणजे स्वतःच्याच परागांनी फळतं. सकाळी उमलताना पाणी फवारून त्याचे पराग धुवा, कोरडं होऊ द्या, मग त्यावर दुसऱ्या वाणाचं फूल हलकेच घासा. थोडं स्वपरागण तरीही होतंच, म्हणून पहिल्या पिढीतली खरी संकरित रोपं पानांच्या रंगावरून ओळखता येतील असे जनक निवडा.