आजीच्या लुगड्यांची वाकळ: जांबोटी भागातल्या बायकांचं काम कसं आहे

आजी गेली की चांगली लुगडी लेकी-सुनांत वाटली जातात आणि नेसून विरलेली ट्रंकेत पडून राहतात. त्या विरलेल्यांची वाकळ, म्हणजे गोधडी, शिवून देणाऱ्या बायका बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटी भागात अजून आहेत. खानापूरला बाजाराच्या दिवशी आपल्याकडून कापड घेतात, तिथंच वाकळ आणून देतात. एकेरी, म्हणजे एका माणसाच्या वाकळेची मजुरी १४०० रुपये, दोरा त्यांचा. नाव काढायचं असेल तर २०० वेगळे.

कापड किती द्यायचं याचा हिशोब सोपा आहे. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर, पन्हा साधारण चार फूट. त्याची चौघडी घातली की पावणेसात फूट लांब आणि चार फूट रुंद असे चार थर मिळतात. दोन लुगड्यांत आठ थरांची एका माणसाची वाकळ होते. तिसरं लुगडं थर वाढवायला देऊ नये. दहाच्या पुढे हाताची सुई सरळ जात नाही, टाके तिरके पडतात आणि धुतल्यावर वाकळ वाळत नाही. तिसरं द्यायचंच तर ठिगळांसाठी द्यावं.

कापड हातात घेतल्यावर त्यांचा पहिला प्रश्न असतो, "रोजचं कुठलं?" या एका प्रश्नासाठी आम्ही त्यांना पैकीच्या पैकी गुण देऊ. घरची माणसं बहुधा लग्नाकार्यातली, जेमतेम दहा वेळा नेसलेली लुगडी काढून देतात. आजीचं आयुष्य गेलं ते रोजच्या सुती इरकलीत, म्हणजे इलकलच्या लुगड्यात. ते कुठं झिजलंय त्यावरून तिचं काम कळतं: काष्ट्याच्या जागी विरलेलं, डोक्यावर घागर आणि भारा वाहताना पदर घासायचा तिथं जाळी पडलेलं, मधोमध दांड घातलेलं. लुगडं मध्ये विरलं की कापून टोकं आत घ्यायची आणि जोडायची, तो हा दांड. शिवणाऱ्या मावशी विचारतात, "दांड वर ठेवू की आत घालू वो बाई?" वरच ठेवायला सांगा. तिथं दुहेरी कापड असल्यानं टाका जड जातो, पण तो टाका आजीच्या हातचा असतो.

पदराचं मात्र जपून. इलकलच्या लुगड्याचा लाल पदर रेशमी असतो आणि तो अंगाच्या सुती ताण्याला फासे अडकवून जोडलेला असतो. कात्री त्या फाशांच्या थोडी बाहेरून चालवावी लागते, नाहीतर जोड उसवतो. रेशीम एकाच घडीवर वर्षानुवर्षं राहिलं की घडीच्या रेषेवर चिरतं. म्हणून पदराच्या खाली पातळ सुती अस्तर घालून मग टाके. लाल रंग सुटतो का ते आधी घरीच बघा: कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबून धरा. रंग लागला तर पदर आतल्या थरात अजिबात घालू देऊ नका, पहिल्याच धुण्यात तो वर फुटतो.

पदराच्या टोकाला गाठीच्या सुरकुत्या राहिलेल्या असतात. किल्ली, चार नाणी, सुपारीचं खांड तिथंच बांधलेलं असायचं. इस्त्री केली की त्या जातात. म्हणून लुगडी इस्त्री न करता द्यावीत. खळ मात्र काढून टाकावी, नाहीतर झुरळं येतात.

शिवण उत्तम. अंगणात थर अंथरून, चारी कोपऱ्यांवर धोंडे ठेवून, मधून बाहेर वीतभर अंतरावर कच्चे टाके घालतात. मग कडेपासून आत फिरत धावदोरा, दोन ओळींत बोटभर अंतर. बाजारात मशीनवर शिवून देणारेही आहेत, पण मशीनचे दात विरलेलं कापड ओढून फाडतात आणि आत स्पंज भरला की लुगड्यांचं नुसतं कव्हर उरतं. कोपऱ्यांना गुळेदगुड्डच्या खणाची ठिगळं लावतात, चोळीच्या पाठीचा तुकडा त्याला बरोबर पुरतो.

आता उणं. आमच्या वाकळेला न विचारता काठ कापून गोट म्हणून लावले. दिसायला देखणं, पण काठ अंगासकट हवे असतील तर कापड देतानाच सांगायला पाहिजे. एका कडेला पॉलिस्टर दोरा वापरला होता. जुन्या सुताला तो करवतीसारखा कापत जातो. ती कड उसवून सुती दोऱ्यानं परत शिवून दिली, पैसे घेतले नाहीत. पाच आठवडे सांगून सात लावले. नाव साखळी टाक्यानं देवनागरीत किंवा कानडीत काढतात, मात्र अक्षर दोन इंचांपेक्षा लहान घेतलं तर जोडाक्षरांचा गोळा होतो.

रोप लावणीपासून सुगी संपेपर्यंत त्या काम घेत नाहीत. शेतं असतात, आणि त्या पावसात वाकळ वाळणारही नाही. वर्षश्राद्ध आषाढ-श्रावणात येत असेल तर कापड शिमग्याच्या आत पोचवा.