विचारांची नोंदवही: छापील जर्नल घ्यावं की साधी फुलस्केप?

‘तुझ्याच्यानं होणार नाही’, ‘आता सगळ्यांना कळेल तुला काही येत नाही ते’. स्वतःला असं घालूनपाडून बोलायची सवय मोडण्यासाठी म्हणून छापील जर्नल आता ऑनलाइन ढिगानं मिळतात. बहुतेक दिसायला देखणी, कामाला कमी. विकत घेण्याआधी आतल्या पानाचा फोटो बघा आणि रकाने मोजा. सात हवेत: प्रसंग, भावना, मनात आलेला विचार, त्याच्या बाजूचा पुरावा, विरुद्ध पुरावा, समतोल विचार आणि शेवटी भावनेचं पुन्हा मोजमाप. मनोविकारतज्ज्ञ आरन बेक यांनी 1960च्या दशकात अमेरिकेत उभ्या केलेल्या, विचार तपासून भावना सावरायच्या उपचारपद्धतीतली (कॉग्निटिव्ह थेरपी) ही नोंद. सात रकान्यांचा तक्ता ग्रीनबर्गर आणि पडेस्की या मानसशास्त्रज्ञांच्या 1995च्या पुस्तकामुळे घरोघरी वापरता येईल असा झाला.

छापील जर्नलांत नेमके पुराव्याचे दोन रकाने गाळलेले असतात. त्यांच्या जागी ‘आजचं सकारात्मक वाक्य’. ज्याला स्वतःबद्दल शंका आहे त्याच्यासाठी हे उलटं पडू शकतं. कॅनडातल्या जोआन वूड आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, आत्मसन्मान कमी असलेल्यांना ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ असं घोकायला लावलं, तर न घोकणाऱ्यांपेक्षा त्यांनाच जास्त वाईट वाटलं. न पटणारं वाक्य समोर आलं की मन लगेच ‘कशावरून?’ म्हणतं.

दुसरी खोट म्हणजे पानाच्या तळाशी ‘आज स्वतःला 10 पैकी किती गुण द्याल?’ अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचा आक्षेप नेमका यालाच होता: कृतीला गुण द्या, माणसाला नको. कि. मो. फडके यांच्या लेखनामुळे एलिस मराठी वाचकांना परके नाहीत, तरी हा रकाना छापला जातोच.

म्हणून आमची पसंती साध्या फुलस्केप वहीला. समोरासमोरची दोन पानं एका नोंदीला. डावीकडे पहिले तीन रकाने, उजवीकडे चार. प्रसंगाचा रकाना अरुंद ठेवा, म्हणजे तिथे कथा लिहिली जात नाही. ‘मंगळवार, 11 वाजता, साहेबांनी प्रेझेंटेशन मध्येच थांबवलं’ एवढं पुरे. भावना एका शब्दात, पुढे शंभरपैकी आकडा: लाज 80. विचार मात्र जसा आला तसा, पण प्रश्न असेल तर त्याचं विधान करून. ‘मला जमेल का?’ याला पुरावा शोधता येत नाही. ‘मला जमणार नाही’ याला येतो. तीनचार विचार आले तर सगळ्यात जास्त टोचणाऱ्याखाली रेघ मारा, पुढचे रकाने फक्त त्याचे.

खरी मेहनत उजव्या पानावर आहे. पुरावा म्हणजे कॅमेऱ्यात दिसलं असतं तेवढंच. ‘सगळे मनात हसत होते’ हा पुरावा नाही, ‘दोन आकडे चुकले होते’ हा आहे. विरुद्ध बाजू सुचत नसेल तर हाच प्रसंग मैत्रिणीवर आला असता तर तिला काय दाखवून दिलं असतं, ते लिहा. समतोल विचार दोन्ही रकान्यांतून आला पाहिजे: ‘आकडे तपासायचे राहिले, पण मांडणी साहेबांनी बदलायला सांगितली नाही, सुधारित तक्ता उद्या देता येईल.’ लाज 80वरून 45वर आली तरी काम झालं. शून्याची अपेक्षा ठेवणारे आठवड्याभरात वही टाकून देतात.

आकडा हललाच नाही तर? बहुतेक वेळा रेघ चुकीच्या विचाराखाली मारलेली असते. कधी विरुद्ध पुरावे गुळमुळीत असतात, ‘मी तशी बरी आहे’ छाप. आणि कधी विचार खराच असतो. मग समतोल वाक्य सोडा आणि काय करायचं याच्या दोन ओळी लिहा. ऐन रडू येत असताना लिहायला बसू नका, थोडं ओसरू द्या, पण त्याच दिवशी लिहा. एका नोंदीला 15-20 मिनिटं धरा. पहिल्या तीन रकान्यांतच पानं भरत असतील तर ते निव्वळ उगाळणं झालं, तिथेच थांबा.

मोबाइलवरचे तक्ते प्रवासात सोयीचे, पण छोट्या पडद्यावर दोन पुरावे शेजारीशेजारी दिसत नाहीत, आणि गंमत त्या शेजारात आहे. छापीलच हवं असेल तर तारखा न छापलेलं आणि सुविचार नसलेलं घ्या; चार दिवस राहून गेले की कोरी तारीखवार पानं टोमणे मारतात.

झोप-जेवण बिघडलं असेल किंवा जीव नकोसा वाटत असेल तर मात्र वहीवर अवलंबून राहू नका. केंद्र सरकारच्या टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, आणि मराठीत बोलता येतं.