‘केसगळती बंद’ पॅकेज: लांब केसांचं मांजर पाळणाऱ्यांनी एवढं वाचाच

लांब केसांच्या मांजराची केसगळती कायमची बंद करून देतो, असं कुणी म्हणालं तर तिथूनच परत फिरा. तसा इलाज नाही. केस वाढतो, गळतो, नवा येतो. पर्शियनसारख्या मांजराला वर लांब केस आणि आत मऊ लव असे दोन थर असतात, म्हणून गळणारा मालही जास्त. दिवस लहान-मोठा होतो तशी गळती कमी-जास्त होते, आणि घरात ट्यूबलाइटच्या उजेडात राहणारं मांजर बाराही महिने थोडं थोडं केस सोडत राहतं. मेलेले केस कंगव्याने आधीच काढून घ्यायचे, म्हणजे ते सोफ्यावर, वरणात आणि मांजराच्या पोटात जात नाहीत. माणसाच्या हातात एवढंच आहे. ज्याने मला साडेसात हजारांचं ‘शेडिंग कंट्रोल पॅकेज’ विकलं, त्याला हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

आम्ही नांदेडला राहतो. आमचा पर्शियन बोका लोण्याच्या रंगाचा, म्हणून त्याचं नाव लोण्या. मुळात तो माझ्या नणंदेचा. तिची बदली झाली, नवा घरमालक मांजर ठेवू देईना, तेव्हा तो आमच्याकडे आला, तो काखेत आणि शेपटीच्या बुडाशी जटा घेऊनच. कानामागे, काखेत, जांघेत, पोटावर, जिथे अंग अंगाला घासतं आणि जीभ नीट पोचत नाही, तिथे सुटलेली लव अडकते आणि वळत वळत तिची गाठ होते. हात लावला की लोण्या पंजा मारायचा. त्याचं काही चुकत नव्हतं. जटेखालची कातडी ताणलेली असते, मांजर नुसतं चाललं तरी ती ओढली जाते.

नांदेडात कुत्र्यांना अंघोळ घालून देणारे बरेच आहेत, मांजराला हात लावणारे कमी. या टंचाईवरच असल्या माणसांचं पोट चालतं. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण नाव तो बदलतो. पद्धत तीच राहते, म्हणून पद्धतच सांगते.

फोनवर बोलणं गोड. “ताई, कायबी टेन्शन घेऊ नका. आधीचा एखादा चांगला फोटो असंल तर पाठवा, जसा होता तसा करून देतो.” नणंदेच्या घरी झोपाळ्यावर बसलेल्या लोण्याचा एक फोटो माझ्याकडे होता, तो पाठवला. दुकानात एसी, भिंतीवर परदेशी मांजरांची पोस्टरं, काउंटरवर शाम्पूच्या बाटल्यांची रांग. सहा वेळांचे पैसे आधी भरायचे. यूपीआयवर पैसे गेले ते तिसऱ्याच माणसाच्या नावावर, आणि पावती म्हणून हातात आलं सहा चौकोन छापलेलं एक कार्ड. दर वेळी एका चौकोनाला भोक पाडणार म्हणे.

मग मुख्य गोष्ट. “मालक समोर असला की मांजर माज करतंय. तुम्ही बाजार करून या की दोन तासांत.” असं म्हणून त्याने बास्केट पडद्यामागे नेली. यात अर्धं खरं आहे, म्हणूनच ते पटतं. चांगले ग्रूमरसुद्धा मालकाला जरा लांब बसवतात, कारण आपण कावरेबावरे झालो की मांजरही बिथरतं. पण ते काचेतून बघू देतात, दार उघडं ठेवतात, निदान कॅमेऱ्यावर दाखवतात. तुम्हाला दुकानाबाहेरच घालवायचं, ही निराळी गोष्ट.

परत आले तर बिल वाढलेलं. जटांचे गाठीमागे पन्नास रुपये, गाठी म्हणे चौतीस. गाठी कुठे आहेत, विचारलं तर टाकून दिल्या. वर गोचीड काढल्याचे सहाशे. त्याने निळ्या झाकणाची एक छोटी बाटली माझ्या नाकासमोर धरली, आत चार-पाच फुगलेल्या गोचिडी. “बघा ताई, काय हाल होते बिचाऱ्याचे!” तिसऱ्या मजल्यावर राहणारा, कधी जिनासुद्धा न उतरलेला बोका, त्याला जनावराच्या गोठ्यातल्यासारख्या गोचिडी कुठून लागल्या, असं मी विचारलं. तर म्हणाला, चपलेला लागून येतात. मांजर अंग चाटून साफ करतं, त्यामुळे कुत्र्यामानाने त्याच्या अंगावर गोचिडी कमीच सापडतात. पण लोण्याकडे बघून मला भांडायचं सुचेना. दोन हजार तीनशे दिले आणि बास्केट उचलली.

लोण्या वरून मात्र झकास दिसत होता. फुललेला, मऊ, गुलाबाचा वास. पण मान टाकून पडलेला, डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यातून पांढरा पडदा अर्ध्यावर आलेला, जिभेचं टोक बाहेर. “स्पा झाल्यावर सगळी मांजरं अशीच रिलॅक्स होत्यात,” हे त्याचं उत्तर. घरी लोण्या चार पावलं टाकायचा आणि भिंतीला टेकायचा. लेकीने त्याचा व्हिडिओ काढला, तो पुढे फार उपयोगी पडला. रात्री पोटाखाली हात घातला तेव्हा कळलं की जटा होत्या तिथेच आहेत, उलट आता घोंगडीसारख्या घट्ट. वरचे केस तेवढे विंचरून फुलवले होते. आणि उजव्या काखेत, पावडर थापून झाकलेली, चांगली बोटभर जखम.

दुसऱ्या दिवशी भावाच्या गाडीतून वसमतमार्गे परभणीला, पशुवैद्यक महाविद्यालयाच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी जखमेच्या आधी विचारलं, शाम्पू कोणता वापरला? मी दुकानदाराला फोन लावला. त्याने बाटलीचा फोटो पाठवला, तिचं लेबल खरवडून काढलेलं. डॉक्टरांच्या प्रश्नामागचं कारण असं की कुत्र्यांच्या गोचीड-पिसवांच्या काही औषधांत पर्मेथ्रिन असतं. कुत्र्याला ते चालतं, मांजराच्या शरीराला ते पचवता येत नाही. थरथर, झटके, आणि वेळेत उपचार नाही मिळाले तर मांजर जातं. फिनेल-डेटॉलसारख्या फिनॉलच्या वस्तू आणि टी ट्री ऑइलसुद्धा मांजराला विषासारखीच. लोण्याला थरथर नव्हती, तेवढ्यावर निभावलं.

बाकीचं डॉक्टरांनी मांजर हातात धरूनच दाखवलं. जटा काढायच्या आधी अंघोळ घातली की पाण्याने त्या आवळतात आणि वाळल्यावर सुटत नाहीत. जटा कात्रीने कापायला गेलं तर कातडी गाठीत वर ओढलेली असते आणि मांजराची कातडी पातळ, म्हणून केसाबरोबर तीही कापली जाते. काखेतली जखम अशीच. योग्य काम म्हणजे जटा कोरड्याच असताना मशीनने, दहा नंबरच्या पात्याने, कातडी सपाट धरून सावकाश उतरवायच्या. पातं तापतं, म्हणून मधूनमधून आपल्या मनगटाला लावून बघायचं. जटा फारच असतील तर सगळं उतरवणं हाच दयाळूपणा, हे चांगला ग्रूमर तुम्हाला पहिल्याच नजरेत सांगतो आणि तुमचं नाराज तोंडही बघून घेतो. आमच्याकडे जे झालं त्यात मला फोटोत छान दिसणारं मांजर मिळालं आणि मांजराला त्रास.

व्हिडिओ बघून डॉक्टर म्हणाले, गुंगीचं औषध दिलेलं दिसतंय. कोणतं, किती, हे त्या माणसालाच माहीत. हे मला सगळ्यात भयंकर वाटलं. चिडक्या मांजराला गुंगी देऊन जटा काढतात, त्यात वावगं काही नाही. पण ते डॉक्टरांनी करायचं, तपासून, वजन करून, उपाशीपोटी. पर्शियनचं नाक चपटं, त्याचा श्वास तसाही अरुंद वाटेने चाललेला असतो. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम १९८४ प्रमाणे जनावरांवर उपचार करायला नोंदणी लागते. दुकानात कुणी ‘छोटंसं इंजेक्शन’ म्हणालं तर नोंदणी क्रमांक विचारा. खरा डॉक्टर रागावत नाही, कागदावरच्या शिक्क्यात तो क्रमांक असतोच.

दवाखान्याच्या बाकावर हिंगोलीकडचा एक मुलगा पांढरं मांजर घेऊन बसला होता. बोलता बोलता दुकान एकच निघालं. त्याने मोबाइल काढून फोटो दाखवला. निळ्या झाकणाची बाटली, झाकणाला तीच पिवळी चिकटपट्टी. गोचिडीसुद्धा बहुधा त्याच. इतक्या कामाला लावलेल्या गोचिडी मी दुसऱ्या कुठे पाहिल्या नाहीत.

प्रकरण इथे मिटलं असतं तर मी कदाचित लिहिलंही नसतं. जखम भरत आली आणि लोण्याच्या कानापाशी गोल टक्कल पडलं. मागोमाग लेकीच्या मनगटावर लाल कडं उठलं. दुकानदाराला फोन केला. “उष्णतेनं झालंय ताई. उन्हाळा बघा की कसलाय. आपल्याकडं तेल आहे, साडेचारशेला.” मराठवाड्यात उष्णता म्हटलं की माणूस मान डोलावतोच, आणि हे त्याला पक्कं माहीत. परभणीला निळसर दिव्याखाली धरल्यावर लोण्याचे केस हिरवे चमकले. गजकर्णाची बुरशी. खात्रीसाठी केस तपासणीला गेले. ती कुठून आली हे डॉक्टरांनी छातीठोकपणे सांगितलं नाही, आणि मीही सांगत नाही. पण एका मांजराचा कंगवा न धुता दुसऱ्याला लावला की ती पसरते, पर्शियनला ती लवकर धरते, आणि तिचे कण कंगव्यात, चादरीत महिनोन्महिने टिकतात, हे डॉक्टरांनी सांगितलं. लेकीला त्वचेच्या डॉक्टरांकडे न्यावं लागलं. घरातल्या सगळ्या गाद्या-चादरी बाहेर आल्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, “आमच्या नातवाच्या केसालाबी येवढं कुणी केलं नव्हतं.”

पॅकेजचा दुसरा चौकोन फोडायला मी जाणार नव्हतेच, पैसे परत मागायला गेले तर शटर खाली आणि फोन बंद.

कुणाला दुकान तपासायचं असेल तर स्टीलचा बारीक कंगवा घरून न्या. मांजर परत मिळालं की तिथेच, पैसे द्यायच्या आधी, काखेत आणि जांघेत कातडीपर्यंत घाला. कंगवा अडकला तर काम झालेलं नाही. जटांचे पैसे लावत असतील तर काढलेल्या जटा पिशवीत मागून घ्या, गोचीड सापडली तर ती अंगावर असतानाच दाखवा म्हणा. उन्हाळ्यात ‘गळती थांबेल’ म्हणून सरसकट मुंडण करून घेऊ नका. बारीक केसही गळतातच, उलट ते कापडात टोचून बसतात आणि झटकूनही निघत नाहीत. आणि उघडी पडलेली कातडी आपल्याकडच्या उन्हाला जळते.

पैशांचं म्हणाल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली, आणि आता ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज केला आहे. पाच लाखांच्या आतल्या रकमेला फी लागत नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. यूपीआयचे स्क्रीनशॉट, फोनवरचे निरोप आणि जखमेचं वर्णन असलेला डॉक्टरांचा कागद जोडला. ते चौकोनांचं कार्डही जोडलं आहे, त्यावर पत्ता नाही हे वकील मैत्रिणीने हसत दाखवलं. पैसे अजून आलेले नाहीत.

दरम्यान लातूरच्या एका ओळखीच्या बाईंनी मला एक जाहिरात पाठवली, हा माणूस कसा आहे म्हणून. दुकानाचं नाव नवं, नंबर नवा, ‘शेडिंग बंद’ची हमी जुनी. खाली आधीचा-नंतरचा फोटो. ‘आधी’मध्ये कुठलं तरी जटा धरलेलं मांजर, आणि ‘नंतर’मध्ये आमचा लोण्या, मीच पाठवलेला. तेव्हा लाकडी झोपाळ्यावर, लाल गादीवर लोणी रंगाचा बोका बसलेला दिसला, तर ॲडव्हान्स पाठवू नका.